अपघात संपला, धसका का संपत नाही?

अपघात, आग, दरड, हल्ला, जिवावर बेतलेलं बाळंतपण अशा प्रसंगांनंतर महिनोन्‌महिने टिकणाऱ्या त्रासाबद्दल, म्हणजे पीटीएसडीबद्दल (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर), आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : मिस्टरांचा पाच महिन्यांपूर्वी हायवेवर अपघात झाला. पायात रॉड आहे, हाड जुळलं, चालतात. पण माणूस पूर्वीचा राहिला नाही. ट्रकचा हॉर्न वाजला की घाम फुटतो, भरल्या ताटावरून उठतात. रात्री तीन-तीनदा दाराची कडी तपासतात. मुलांवर उगाच खेकसतात. भावाच्या साखरपुड्यालाही आले नाहीत, कारण रस्ता तोच. सासूबाई म्हणतात, धसका घेतलाय, जाईल हळूहळू. पीटीएसडी तर सैनिकांना होतो ना? — सातारा जिल्हा

उत्तर : सैनिकांमुळे हे नाव गाजलं. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्यांचे हाल पाहून १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात त्याला जागा मिळाली. पण निदानाच्या अटींमध्ये युद्ध कुठेच नाही. मृत्यू समोर दिसणं, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार हे स्वतःवर गुदरलेलं असो, डोळ्यांसमोर घडलेलं असो किंवा अगदी जवळच्या माणसावर ओढवलेलं असो, एवढं पुरतं. सामान्य नागरिकांमध्ये रस्त्यावरचा अपघात हे त्याचं नेहमी दिसणारं कारण आहे.

पहिल्या महिन्यात दचकणं, झोप उडणं, तेच दृश्य डोळ्यांसमोर येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. सासूबाईंचं म्हणणं त्या महिन्यापुरतं बरोबर होतं. महिना उलटूनही चार प्रकारची लक्षणं एकत्र टिकली आणि घर-काम बिघडू लागलं, तर तो आजार समजायचा. प्रसंग नको असताना परत येणं (स्वप्नात, जागेपणी, किंवा हॉर्न ऐकताच अंगाला फुटणारा घाम). आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं (साखरपुडा). मन बधिर होणं, स्वतःला दोष देणं, कशातच रस न वाटणं. आणि शरीर सतत पहाऱ्यावर असणं (कडी, खेकसणं, तुटक झोप). तुमच्या पत्रात यांतले तीन स्पष्ट आहेत. उरलेल्या प्रकाराबद्दल, म्हणजे मन बधिर होण्याबद्दल, त्यांना शांतपणे विचारा, कारण बधिरपणाची तक्रार माणूस आपणहून करत नाही.

आता वाट पाहू नका. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते. जाताना डिस्चार्ज कार्ड, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी आणि आठवडाभराची झोपेची नोंद (किती वाजता लागली, कितीदा मोडली, कशाने मोडली) सोबत ठेवा. नुसतं ‘झोप येत नाही’ म्हणालात तर झोपेची गोळी घेऊन परत याल. ‘अपघाताच्या तारखेपासून हे सुरू झालं’ असं पहिल्याच वाक्यात सांगा. तिथे पीसीएल-५ नावाची वीस प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली जाऊ शकते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, एकूण ८०. साधारण ३१ ते ३३ च्या पुढे गेल्यास सविस्तर तपासणी करतात. निदान मात्र केवळ आकड्यावरून होत नाही.

आणखी एक गोष्ट राहून जाते. अपघातात डोक्याला मार लागला होता का? डोकेदुखी, उजेड सहन न होणं, चक्कर, विसराळूपणा असेल तर न्यूरोची तपासणी करून घ्या. मेंदूला बसलेल्या धक्क्यानेही माणूस चिडचिडा होतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात.

प्रश्न : अपघातानंतर मी हायवेवर गाडी चालवणं सोडलं. नंतर उड्डाणपूल सोडले, आता कॉलनीबाहेरही जात नाही. सगळे सांगतात हळूहळू सवय कर. हळूहळू म्हणजे नेमकं काय? एकदा जोर करून गेले, पाच मिनिटांत रडत परत आले. तेव्हापासून जास्तच वाढलंय. — नाशिक

उत्तर : भीती कळसाला असताना तुम्ही परत फिरलात आणि फिरताक्षणी बरं वाटलं. मेंदूने त्यातून धडा घेतला, की परत फिरले म्हणून वाचले. टाळण्याने मिळणारा आराम खराच असतो, म्हणून तर सवय लागते. पण प्रत्येक टाळलेल्या फेरीमागे भीतीचा परिसर वाढतो. हायवेवरून कॉलनीच्या फाटकापर्यंत ती अशीच आली.

‘हळूहळू’चा अर्थ असा. एक वही घ्या. टाळत असलेल्या गोष्टी लिहून प्रत्येकीला ० ते १०० गुण द्या. ० म्हणजे निवांत, १०० म्हणजे असह्य. तुमची यादी काहीशी अशी होईल : पार्किंगमध्ये इंजिन सुरू करून ड्रायव्हरच्या सीटवर बसणं ३५, कॉलनीत फेऱ्या मारणं ४५, सर्व्हिस रोड ५५, रविवारी सकाळी सात वाजता उड्डाणपुलावरून शेजारच्या सीटवर बसून जाणं ६५, तोच पूल स्वतः चालवत ७५, संध्याकाळच्या ट्रकच्या गर्दीत ८५, अपघाताच्या जागेवरून दिवसाउजेडी पुढे जाणं ९५. दोन पायऱ्यांमधलं अंतर वीसहून जास्त वाटलं तर मधे एक पायरी घाला.

सुरुवात ३५-४० पासून. एका वेळी एकच पायरी, तीस ते पंचेचाळीस मिनिटं, आठवड्यातून निदान पाच दिवस. वहीत तीन आकडे : सुरुवातीला किती, सर्वांत जास्त किती, थांबताना किती. सर्वांत जास्त आकडा निम्म्यावर येईपर्यंत त्या पायरीवर टिकून राहायचं. सलग दोन-तीन दिवस सुरुवातीचाच आकडा उतरलेला दिसला, की वरची पायरी. एखाद्या दिवशी आकडा उतरलाच नाही तर ते अपयश मानू नका, दुसऱ्या दिवशी तीच पायरी पुन्हा.

काय चुकतं ते सांगतो. सुरक्षिततेच्या छोट्या युक्त्या चालू राहतात : हँडल घट्ट धरणं, सतत नवऱ्याला फोन, डोळे मिटून जप, पर्समध्ये ‘लागलीच तर’ म्हणून गोळी. मग मेंदू श्रेय त्या युक्तीला देतो आणि रस्त्याबद्दल काहीच शिकत नाही. जप घरी जरूर करा, सरावाच्या वेळी मात्र डोळे उघडे आणि लक्ष रस्त्यावर. सीट बेल्ट, वेगमर्यादा, हेल्मेट या युक्त्या नव्हेत, ती सगळ्यांसाठी असलेली काळजी आहे, ती ठेवायचीच. पुलावर किंवा हायवेवर फारच झालं तर कडेला थांबू नका, ते खरोखर धोक्याचं आहे. पुढच्या फाट्याला बाहेर पडा, सुरक्षित जागी गाडी लावा, पाच-दहा मिनिटं श्वास संथ करा (चार आकडे आत, सहा आकडे बाहेर) आणि घरी न जाता त्याच दिवशी तीच पायरी पुन्हा करा. शेवटच्या तीन पायऱ्या थेरपिस्टशी बोलूनच.

हा घरचा सराव सगळ्यांसाठी नाही. मधेच भान हरपत असेल, दारू वाढली असेल, जीव द्यावासा वाटत असेल किंवा हिंसा घरात अजून चालूच असेल, तर आधी डॉक्टर. आणि अपघाताची आठवण मनात मुद्दाम उभी करून सांगण्याचा भाग तर घरी करूच नका. प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर या पद्धतीत ते काम प्रशिक्षित माणसासमोर होतं. आठ ते पंधरा सेशन, प्रत्येक साधारण दीड तासाचं. सेशनचं रेकॉर्डिंग मग घरी ऐकायचं असतं.

प्रश्न : कारखान्यातल्या आगीनंतर नवरा झोपेत ओरडतो, हात-पाय झाडतो. उठवायला गेले तर मला लागलं. नंतर फार खजील होतो. आता झोपायच्या आधी दोन पेग घेतो, म्हणतो त्याने स्वप्न पडत नाही. — इचलकरंजी

उत्तर : हलवून उठवू नका. अंथरुणापासून दोन हात लांब, पायाच्या बाजूला उभ्या राहा, दिवा लावा, नाव घेऊन हाक मारा आणि सांगा : ‘तुम्ही घरी आहात, आज अमुक वार, मी इथेच आहे.’ जाग आल्यावर गार पाणी, पाय जमिनीवर, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं. काय पाहिलं ते तेव्हा विचारू नका. काही आठवडे वेगळ्या अंथरुणावर झोपलात तर संसारात काही उणं येत नाही, मुलांना मात्र कारण नीट सांगा.

दारूने झोप लवकर लागते, पण उतरताना, म्हणजे पहाटे, स्वप्नांची झोप उसळून येते आणि स्वप्नं अधिक भडक पडतात. मग पेग वाढतात. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडावी.

दुःस्वप्नांसाठी एक साधी पद्धत आहे. दिवसाउजेडी एक स्वप्न निवडायचं, सर्वांत भयंकर नको, मधलं. ते आत्ता घडतंय असं कागदावर लिहायचं. मग त्यात हवा तिथे बदल करायचा. शेवट गोड करायची सक्ती नाही. बंद दाराऐवजी उघडी खिडकी एवढाही बदल चालतो. नवं रूप लिहून रोज दहा-वीस मिनिटं ते डोळ्यांसमोर आणायचं, जुनं नाही. आठवड्याला एक, फार तर दोन स्वप्नं. फरक काही आठवड्यांत कळतो. काही मनोविकारतज्ज्ञ रात्री प्राझोसिन देतात. ते मूळचं रक्तदाबाचं औषध आहे, अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि पहिल्या गोळीनंतर उठताना भोवळ येऊ शकते, म्हणून अंथरुणातून सावकाश उठावं.

वय पन्नाशीपुढचं असेल, किंवा घोरता घोरता श्वास अडकत असेल, तर झोपेची स्वतंत्र तपासणी हवी. झोपेत हात-पाय झाडण्याची इतर कारणंही असतात.

प्रश्न : फॅमिली डॉक्टरांनी दिलेली अल्प्राझोलम मी आठ महिने घेतेय. आता मनोविकारतज्ज्ञ सर्ट्रालीन म्हणतात. कोणती खरी? आणि जन्मभर घ्यावी लागते का? — ठाणे

उत्तर : अल्प्राझोलम ही चिंता उतरवणारी गोळी. तिचा गुण तासाभरात येतो आणि अडचण तीच आहे. भीती आपसूक उतरते हे शिकायची संधी ती मेंदूला देत नाही. सवय लागते, मात्रा वाढत जाते. पीटीएसडीच्या उपचारात या गटातल्या (बेन्झोडायझेपिन) गोळ्यांची शिफारस नाही. पण आठ महिन्यांनंतर एका रात्रीत बंद करू नका, फिट येऊ शकते. साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के अशी ती डॉक्टरच उतरवतील. उतरवताना चार-सहा दिवस झोप बिघडते. आजार उलटला असं समजून पुन्हा मात्रा वाढवू नका, फोन करून विचारा.

सर्ट्रालीन ही नैराश्य-चिंतेवरची गोळी बहुधा २५ मिलिग्रॅमपासून सुरू करून आठवड्याने ५० करतात, गरजेनुसार वाढवतात. पहिले दोन आठवडे मळमळ, अस्वस्थपणा जाणवतो आणि बरेचजण तिथेच सोडतात. गुण यायला चार ते सहा आठवडे, कधी बारा लागतात. कामेच्छा कमी होणं हा परिणाम नेहमीचा आहे, त्यावर उपाय असतात. संकोचाने गोळी गुपचूप बंद करण्यापेक्षा सांगितलेलं बरं. गुण आल्यावर साधारण वर्षभर चालू ठेवून हळूहळू कमी करतात, त्यामुळे जन्मभराचा प्रश्न बहुतेकांना येत नाही. हाडाच्या दुखण्यासाठी ट्रॅमाडोल चालू असेल तर ते आवर्जून सांगा. दोन्ही एकत्र आल्यास गंभीर त्रास होऊ शकतो.

गोळीपेक्षा विशिष्ट प्रकारची थेरपी अधिक उपयोगी पडते असा अनुभव आणि पुरावा आहे. म्हणून समुपदेशकाला स्पष्ट विचारा : ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी (आघातावर बेतलेली विचार-वर्तन थेरपी), प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर, सीपीटी (प्रसंगाबद्दलचे अडकलेले विचार तपासण्याची पद्धत), ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करत आठवण हाताळण्याची पद्धत) यांपैकी तुम्ही काय करता, किती सेशनमध्ये? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदणी असते, तीही विचारा. ‘बघू, बोलत राहू’ एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे जा. नुसतं मन मोकळं करून हा आजार सहसा हटत नाही.

प्रश्न : बाइक मी चालवत होतो. राँग साइडने टेम्पो आला. मागे बसलेला मित्र गेला, मला खरचटलंही नाही. त्याच्या आईला तोंड दाखवता येत नाही. मी वाचायलाच नको होतो. — अहिल्यानगर

उत्तर : शेवटचं वाक्य आधी. ते घरातल्या एका माणसाला आजच, याच शब्दांत सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. जीव देण्याचा मार्ग डोक्यात ठरला असेल तर आजची रात्र एकटे राहू नका, जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. तुम्ही कागदावर लिहून कळवलंत, हे फार बरं केलंत.

वाचलेल्याला वाटणारा अपराध हा या आजाराचाच भाग आहे, आणि सीपीटी ही बारा सेशनची पद्धत त्यावरच बेतलेली आहे. त्यातलं एक काम असं : अपघाताला कारण ठरलेल्या सगळ्या गोष्टी लिहायच्या. राँग साइडचा टेम्पो, त्याचा वेग, वळण, अंधार, दुभाजकातली अनधिकृत फट, मित्राने हेल्मेट घातलं होतं की नव्हतं. प्रत्येकीला शंभरातला वाटा द्यायचा. स्वतःचा वाटा सगळ्यांत शेवटी. दुसरं काम वेळेचं : टेम्पो दिसल्यापासून धडकेपर्यंत किती क्षण होते आणि त्या क्षणात तुम्हाला काय माहीत होतं? आज माहीत असलेली गोष्ट तेव्हाही माहीत होती असं धरून मन निकाल देतं, ते इथे पकडायचं.

यात तुमची खरोखर काही चूक निघाली, समजा वेग जास्त होता, तर थेरपी ती पुसत नाही. चूक, निष्काळजीपणा आणि हेतू या तीन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं ती दाखवते. आईंकडे जरूर जा, पण उपचार सुरू झाल्यावर, सोबत कुणाला घेऊन. तिथे माफी मागत बसण्यापेक्षा मित्राबद्दल बोला.

प्रश्न : बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला, तातडीने सिझर केलं. बाळ छान आहे. पण लसीकरणासाठी दवाखान्यात पाय ठेवला की हातपाय गार पडतात. घरचे म्हणतात, सगळ्यांचीच बाळंतपणं होतात. — कोल्हापूर

उत्तर : जिवावर बेतलेल्या बाळंतपणानंतर पीटीएसडी होतो. प्रसूतीनंतरचं नैराश्य वेगळं, दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून तपासणीत दोन्ही विचारले जावेत. तूर्त लस चुकू देऊ नका. बाळाला वेगळ्या आरोग्य केंद्रात, सोबत कुणाला घेऊन न्या. मग वर नाशिकच्या पत्राला दिलेल्या उत्तरातल्या पायऱ्यांनी मूळ दवाखान्याकडे या : फाटकाबाहेर, वेटिंगमध्ये, ओपीडीत. केसपेपरची प्रत मागून घ्या आणि डॉक्टरांसोबत बसून त्या रात्रीचा क्रम लावून घ्या. भूल आणि रक्तस्रावामुळे आठवणीत पडलेली भोकं मन भयंकर कल्पनांनी भरतं. अंगावर पाजत असाल तरी औषध टाळायला हवं असं नाही. सर्ट्रालीन दुधात फार कमी उतरते. पुढचं बाळंतपण ठरवाल तेव्हा पहिल्याच भेटीत हे सांगून ठेवा.

प्रश्न : माझ्यावर झालेल्या अत्याचाराची केस कोर्टात आहे. नातेवाईक सांगतात, साक्ष होईपर्यंत मानसोपचार नको, वकील म्हणतील बाई वेडी आहे. — मराठवाडा

उत्तर : साक्षीआधी उपचार घेऊ नयेत असा कायदा नाही. केस वर्षानुवर्षं चालते, तोवर आजार मुरतो. झोप आणि भान जागेवर असलं तर साक्षही नीट देता येते. थेरपिस्टला केस चालू असल्याचं पहिल्या दिवशी सांगा आणि सरकारी वकिलांनाही कळवा. बलात्काराचा खटला बंद दाराआड चालतो, तुम्हाला भरल्या कोर्टात बोलावं लागणार नाही. पीडितांवर कोणत्याही रुग्णालयात मोफत उपचार करणं कायद्याने बंधनकारक आहे. राज्याच्या मनोधैर्य योजनेतल्या अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तारखेच्या आधीचा आणि नंतरचा दिवस मोकळा ठेवा, त्या दिवसांत लक्षणं उसळतातच.

प्रश्न : दरडीत भाचीची आजी गेली. पोर नऊ वर्षांची. आता पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. रोज चिखलात बाहुल्या पुरते आणि उकरते. पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलीय. पत्र्यावर पाऊस वाजला की किंचाळते. आम्ही तिला सांगितलंय, आजी देवाघरी झोपलीय. — रायगड

उत्तर : मुलं शब्दांत सांगत नाहीत, खेळून सांगतात. तो खेळ थांबवू नका, दटावू नका. शेजारी बसा आणि काही दिवसांनी त्यात मदत आणा : एखादी बाहुली दोर घेऊन आली, एक डॉक्टर झाली. खेळ आठवडे उलटूनही तसाच अडकून राहिला, तर ते उपचाराची गरज असल्याचं चिन्ह समजा. ‘झोपलीय’ हा शब्द आजच बदला. झोपलं की माणूस परत येत नाही असा अर्थ मूल लावतं आणि झोपायला घाबरतं. ‘डोंगराची माती घसरली, आजीला लागलं आणि ती वारली. तू काही केलं म्हणून हे झालं नाही.’ एवढं पुरे, ती विचारेल तितकंच पुढे.

‘आता कधीच असं होणार नाही’ असं वचन देऊ नका, ते तिला पटणार नाही. त्याऐवजी रेड अलर्ट आला तर आपण कुठे जाणार, टॉर्च आणि पिशवी कुठे ठेवली, तिचा हात कोण धरणार हे ठरवून तिला दाखवा. पिशवी भरायचं काम तिलाच द्या. पत्र्याचा आवाज कमी करायला आतून थर्माकोल किंवा जुनी सतरंजी लावता येईल. अंथरूण ओलं झालं तर न बोलता बदला.

ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी मुलांसाठीही असते, बारा ते सोळा सेशनची, आणि त्यात पालकालाही बसवतात. जिल्हा रुग्णालयात किंवा १४४१६ वर विचारा. वर्गशिक्षिकेला सांगून ठेवा, की पाऊस जोरात आला तर तिला दाराजवळ, मैत्रिणीशेजारी बसू द्यावं आणि वर्गात सगळ्यांसमोर दरडीबद्दल विचारू नये.